कडू गोळ्या आणि सोनीआजीच्या कोंबड्या

मलेरियाच्या कामात किस्से पाण्यासारखे साचतात. फरक एवढाच, की साचलेलं पाणी आम्ही दर आठवड्याला ओतून द्यायला लावतो. किस्से कोण ओतणार!

परदेशात शिकून, देशातून मलेरिया घालवायचाच असं ठरवून मी नाशिकला परत आले आणि पेठकडच्या डोंगरातलं आरोग्य केंद्र मागून घेतलं. तिथले आरोग्य सेवक काशिनाथभाऊ पुढच्या वर्षी रिटायर होणार होते. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे तावातावानं निर्मूलनावर बोलले. भाऊंनी शांतपणे ऐकलं.

"म्याडम, माझे वडील फवारणीवर होते. त्यांनाबी साहेबानं हेच सांगितलं होतं. मलेरिया संपतच आला, अन् मग परत आला. आता बघू, आधी कोण रिटायर होतं. मी का तो!"

त्यांची इच्छा एकच होती. शेवटच्या वर्षी आपल्या पाड्यांवर एकही पेशंट निघू नये.

*

भाऊंच्या वडिलांच्या काळात लोक फवारणीवाल्यांची वाट बघायचे. डासांसाठी नाही, ढेकणांसाठी! फवारणीच्या डीडीटी पावडरीनं ढेकूणही मरायचे. पुढे ढेकूण मरेनासे झाले, तशी लोकांनी दारं लावून घेतली.

"ढेकणांनी दगा दिला," भाऊ म्हणतात, "नायतर तेव्हाच जिंकलो असतो!"

*

आम्ही पाण्याच्या टाकीत गप्पी मासे सोडले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. महिन्यानं बघते तर मासे गरगरीत, आणि अळ्याही मजेत!

भाऊंच्या शेजारची सोनीआजी रोज टाकीत भाकरी कुस्करत होती. मी तिला सगळं शास्त्र समजावलं.

"आपल्या दारी आलेल्याला किडे खायला घालू व्हय?" आजी म्हणाली.

*

गेल्या वर्षी आजीलाच मलेरिया झाला. ताप लवकर उतरला, पण गोळ्या पुढे दोन आठवडे घ्यायच्या होत्या. एक दिवस भाऊंना त्या गोळ्या अंगणात दिसल्या. कोंबड्या टिपत होत्या!

तेव्हापासून भाऊ रोज सकाळी समोर उभे.

"गिळली? आ कर, आजी. जीभ वर!"

"मी काय बाजारातला बैल हाय, तोंड बघतोस ते?"

आजी खडखडीत बरी झाली. भाऊंशी मात्र बरेच दिवस बोलली नाही.

*

यंदाचा पावसाळा सरला तरी पाड्यांवर एकही पेशंट निघाला नव्हता. भाऊंचे निरोपाचे दिवस जवळ आले. आणि भाऊंनाच थंडी वाजून ताप भरला.

त्यांच्या रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि मलेरियाचे जंतू दिसल्याचं सांगितलं.

"डाग असंल काचेवर. परत बघा."

मी परत बघितली. जंतूच होते.

भाऊंनी भिंतीकडे तोंड केलं. "सगळ्यांची घरं राखली, म्याडम. अन् निघालो तो मीच." मग म्हणाले, "गोळ्या माझ्या मी घेईन. कुणाला सांगू नका."

मी कुणालाच सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंच्या घरी गेले, तर ओसरीवर सोनीआजी बसलेली, हातात पाण्याचा तांब्या. मागे निम्मा पाडा!

भाऊंनी मुकाट्यानं गोळी तोंडात टाकली. वर पाणी प्यायले.

"गिळली. जा आता घरी."

आजी जागची हलली नाही.

"कोंबड्या टोपलीखाली डालून आलेय," ती म्हणाली. "आ कर."