सूर्य समोर ठेवून

निजामाच्या राज्यातून आम्ही सहकुटुंब पळून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निजामाच्याच राज्यात पोचलो. वाट मी दाखवली होती.

आमचं गाव उस्मानाबादच्या पश्चिमेला, बालाघाटाच्या डोंगरात. निजामीचा तो शेवटचा उन्हाळा. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत हिंडत होत्या आणि आज-उद्या आमचा नंबर, अशी आवई रोज उठे. चार घरं आधीच डोंगर उतरून हद्दीपलीकडं बार्शीला गेली होती. आमचं किराणा दुकान. घरात वडील म्हणजे अण्णा, आई म्हणजे अव्वा, नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको सुभद्रा आणि मी. मी हैदराबादला मॅट्रिक झालेला, शिवाय तिथं दोन महिने शाळेच्या बालवीर पथकात होतो. डोंगरात मुक्काम कसा करायचा हे सगळ्या गावात मला एकट्यालाच कळत होतं. (हे गावाला मीच सांगितलं होतं.)

अण्णांचं मत, वाट माहीत असलेला एखादा धनगर सोबत घ्यावा. मी म्हणालो, तो फितूर झाला तर? बार्शी पश्चिमेला, सूर्य समोर ठेवायचा आणि चालायचं, त्यात काय एवढं! अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं. मग किल्ल्या शेजारच्या मल्लाप्पाच्या हातात देऊन त्यांनी काठी उचलली. अव्वा म्हशीच्या गळ्यात पडून रडली. मल्लाप्पाही रडला. त्याचं रडणं जरा जास्तच होतं, पण तेव्हा बरं वाटलं.

दिवस कलल्यावर निघालो. सूर्य समोर. दोन टेकड्या चढून उतरेपर्यंत अव्वाची चप्पल तुटली, सुभद्राच्या पायात काटा मोडला, आणि मी मात्र पुढून पथकातली शिट्टी वाजवत होतो. (हे पळून जाणं गुपचूप करायचं होतं, ही आठवण अण्णांनी करून दिली.) संध्याकाळी एका ओढ्याकाठी उंबराखाली मी मुक्कामाची जागा निवडली. सुभद्रा हळूच म्हणाली की वर मोहोळ दिसतंय. मी तिला समजावलं की मुक्कामाची जागा वारा बघून ठरवतात, मोहोळ बघून नाही. तीन दगड मांडले, पाला-काटक्या पेटवल्या. धूर सरळ वर गेला. वारा मी चांगला ओळखला होता.

पुढचं सांगण्यासारखं नाही. आग्या माशांनी पाऊण कोसभर पाठलाग केला. भाकरी, पिठल्याची कढई, अंथरुणं तिथंच राहिली. बाकीच्यांना दोन-चार डंख, माझे मात्र दोन्ही डोळे मिटून गेले. सकाळी मला फक्त उजेड-अंधार कळत होता. पण पुढारीपण मी सोडलं नाही. तोंडावर ऊन कुठून लागतंय ते बघितलं आणि हात पुढं करून म्हणालो, "चला, सूर्य समोर."

सुभद्रा म्हणाली, "अवं, काल दिवस इकडं मावळला नव्हता."

मी तिला म्हणालो की बायकांना दिशेतलं काय कळतंय. ती माझ्यामागं चालू लागली. अण्णा तर आदल्या संध्याकाळपासूनच गप्प होते. मी त्यांच्या काठीचं टोक धरून चालत होतो आणि वाट दाखवत होतो.

दुपारी रहाटाचा आवाज आला, कुत्री भुंकली. मी जाहीर केलं की हद्द ओलांडली. खाली बसलो, माती कपाळाला लावली, आणि सुटकेवर चार शब्द बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात समोरून ओळखीचा आवाज आला, "परत आलात व्हय?" तो मल्लाप्पा होता. त्याच्या डोक्यावर काय होतं ते मला दिसलं नाही. सुभद्रानं सांगितलं, आमच्या दुकानाचं दार.

टोळी आलीच नव्हती. घर गावानंच रिकामं केलं होतं. ज्याला विचारावं तो म्हणे, तुमचंच सांभाळायला नेलंय. चार पोती ज्वारी आणि म्हैस परत आली. म्हैस दूध आटल्यावरच दिली. दिवाळीत मल्लाप्पाच्या बायकोच्या अंगावर सुभद्राचा लग्नातला शालू होता. सुभद्रानं तिला हळदीकुंकू लावलं आणि घरी येऊन माझ्याशी दोन महिने बोलली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी अण्णा उघड्या फरशीवर बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, अण्णा?"

"सकाळीच. डोळं माझं उघडं व्हतं की."

"मग बोलला का न्हाईत?"

"मला कुठं जायाचं व्हतं? इथंच मरावं वाटलं. घर असं आसंल, हे मातुर न्हाय वाटलं."

आम्ही दोघांनी मिळून एक सबंध घर घालवलं होतं. अण्णांनी पुन्हा दुकान मांडलं नाही. दोन वर्षांनी त्याच फरशीवर ते गेले.

राज्य बदललं. बार्शीला गेलेली चार घरं हार-तुरे घेऊन परतली. गावात शाळा निघाली, आणि गावात मॅट्रिक झालेला मी एकटाच, म्हणून मास्तर झालो. तीस वर्षं नोकरी केली. समोर बसलेली पोरं ज्यांची, त्यांच्या घरात आमची भांडी होती, पण सगळे मला मान देत. मी भूगोल शिकवायचो.