दर दोन तासांचा अलार्म

कळव्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देतो. एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशाची प्रश्नावली घेऊन आलेली. तिचं नाव मीच टाइप केलं, पण आता आठवत नाही. बसण्याआधी तिने माझा पाण्याचा ग्लास टेबलाच्या कडेपासून आत सरकवला, हे मात्र आठवतं.

"रुग्णसेवेचा अनुभव?" मी प्रश्न वाचला.

"नाही लिहा, काका."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. चार वाजले होते. तिने तो न बघताच बंद केला, अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

"कसला अलार्म गं?"

"आईची कूस बदलायचा. दर दोन तासांनी. नाहीतर पाठीला जखमा होतात. तीन वर्षं अंथरुणातच होती. गेल्या महिन्यात गेली."

मी वैतागलोच. "अगं, मग हाच तर अनुभव! नाही काय लिहायचं?"

"ती पेशंट कुठे होती, काका? आई होती."

मी 'नाही' टाइप केलं.

सहा वाजता दुकानात गर्दी होती, तरी माझा हात थांबला. आत्ता ती कुठेतरी अर्धवट उठून पुन्हा बसली असेल.