सत्तरीतली पहिलटकरीण

आमच्या गावात सत्तरी ओलांडलेली एक बाई वर्षातून आठ-दहा वेळा गरोदर असायची. झुंबरबाई तिचं नाव. तोंडात चार दात, पाठीला बाक, आणि नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. तरी गावच्या नर्सबाई भर ओट्यावर बसून तिला बजावायच्या, "झुंबरबाई, पहिले तीन महिने जपायचं बरं का. भरला हंडा उचलायचा नाही." आणि झुंबरबाई गंभीरपणे मान डोलवायची, "नही उचलस, बाई."

बाहेरच्या माणसाला वाटायचं, एक तर म्हातारी खुळी आहे नाही तर नर्सबाई. दोघीही चांगल्या शहाण्या होत्या. खुळं होतं ते गाव, आणि मी त्याच गावची लेक असल्यामुळे असं म्हणायचा मला हक्क आहे.

गाव अमळनेरपासून एस.टी.ने पाऊण तासावर. तिथला नियम असा, की सुनेला दिवस गेले तर तीन महिने कुणाजवळ शब्द काढायचा नाही. बोललं की नजर लागते, नजर लागली की पोट पडतं. कलाबाई १९७८ साली नर्स म्हणून आल्या, तेव्हा पहिली दोन वर्षं त्या दारोदार विचारत फिरल्या, "कुणाला दिवस गेलेत का?" प्रत्येक दारातून नाही. चार महिन्यांनी त्याच दारांतून पुढे आलेली पोटं बाहेर पडायची. जे सुरुवातीला सांगायचं ते सांगायची वेळ तोवर टळून गेलेली असायची. शेवटी कलाबाईंनी विचारणं सोडलं आणि झुंबरबाईला हाताशी धरलं.

रीत सोपी होती. एखादी सून फोडणीच्या वासाने तोंडाला पदर लावताना दिसली, की कलाबाई झुंबरबाईला घेऊन तिच्या आसपास जाऊन बसायच्या आणि जे काही सांगायचं ते सगळं म्हातारीला सांगायच्या. सून खाली मान घालून शेंगा सोलत ऐकायची. गोळ्यांची पुडी झुंबरबाईच्या कोनाड्यात ठेवलेली असायची. ताक मागायच्या निमित्ताने जायचं आणि ती उचलायची. सगळ्या बायकांना हे माहीत होतं आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

कलाबाई मूळच्या धुळ्याच्या. घर बौद्ध, वडील मिलमध्ये कामाला, पाच बहिणींत ह्या एकट्याच शिकलेल्या. नवरा धुळ्यालाच एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होता. शनिवारी यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीने जायचा. मूलबाळ नव्हतं. पांढरी साडी, काळी छत्री आणि खांद्याला लसीची पेटी, अशा त्या उन्हातून चालत आल्या की लहान पोरं घरात पळायची. काही घरांत त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असे. त्याच घरांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. कप बघून त्यांना काय वाटायचं हे त्या कधी बोलल्या नाहीत. मला मात्र आजही आठवलं की संताप येतो.

१९९० च्या आखाजीला मी माहेरी गेले. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात सासुरवाशिणींचा सण तो. माझं सासर जळगावला, पिंप्राळ्यात. नवरा देवचंद पाटबंधारे खात्यात कारकून. आदल्या वर्षी मला दिवस गेले, तेव्हा ह्या गृहस्थाने दुसऱ्याच महिन्यात अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाईंनी पेढ्यांना दोष दिला. मी स्वतःला दिला. त्या आठवड्यात मी गव्हाची कोठी सरकवली होती, पपई खाल्ली होती आणि एकदा भांडून उपाशी झोपले होते. ह्यातल्या नेमक्या कशाने गेलं, ह्याचा काथ्याकूट मी वर्षभर करत होते.

या वेळी सासूबाईंनी मला देवापुढे उभं केलं आणि वदवून घेतलं, की तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगणार नाही, आईलासुद्धा नाही. मी कबूल झाले. हे मूल राहावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी जन्मभर मुकी राहिले असते.

सहावा आठवडा चालू होता. त्या दिवसांतली झोप काही वेगळीच असते. वैशाखातलं ऊन, ओट्यावर कडुनिंबाची सावली, आणि मी बसल्या जागी विरघळत चाललेली. डोळे मिटले की झोक्यावरची गाणी लांबून, जणू विहिरीच्या तळातून, ऐकू यायची. उघडले की समोरच्या भिंतीवर पानांच्या सावल्या हलत असायच्या. त्या सावल्यांत मला कधी एक मूठ दिसे, कधी कान. मी मनातल्या मनात कुणाला तरी गाव दाखवत फिरायची. ही नदी, हिला पाणी नसतं. हे मारुतीचं देऊळ. ही तुझी आजी, ही मांडे करते तेव्हा हिच्याजवळ जाऊ नये, कारण ती तेव्हा कुणाचीच नसते. आई खरोखरच तिकडे खापरावर मांडे टाकत होती आणि मधूनमधून ओरडत होती, "काय व पुष्पा, झोपाले उनी का तू माहेरले?"

दुपारी मैत्रिणी आल्या आणि मला ओढत झोक्याकडे घेऊन गेल्या. आखाजीला आमच्याकडे झाडाझाडाला झोके बांधतात, आणि माहेरवाशिणीने झोक्यावर चढून गाणं म्हटलं नाही तर ती आली काय आणि न आली काय, सारखंच. एकीने दोर माझ्या हातात दिला. नाही म्हणावं तर सगळ्यांच्या लक्षात येणार. चढायची तर छाती होत नव्हती. मी दोर धरून नुसती उभी राहिले.

तेवढ्यात कलाबाई आल्या. छत्री मिटली, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि दगडावर बसलेल्या झुंबरबाईजवळ जाऊन टेकल्या.

"काय झुंबरबाई, झोक्यावर चढायचं मन झालंय का?"

"मन त जायं शे, बाई."

"झोक्याने पोटातलं काही पडत नाही. पण तुम्हाला ह्या दिवसांत चक्कर येते, वरून आपटलात म्हणजे? सावलीत बसून गाणी म्हणा."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. एकीने माझ्या हातातून हळूच दोर काढून घेतला आणि कुणी काही विचारलं नाही. मी सावलीत बसले. कलाबाईंचं बोलणं चालूच होतं. सकाळी मळमळतं तर उठल्या उठल्या भाकरीचा कोरडा तुकडा चावा, आणि दिवसभर थोडं थोडं खात राहा. उपास बंद. वर्षाचे गहू भरायचे दिवस आहेत, पण गव्हाला किडीची पावडर चोळायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, तिचा वाससुद्धा नको. डोकं दुखलं म्हणून किराणा दुकानातली गोळी परस्पर गिळायची नाही. एक्स-रे काढायची वेळ आली तर दिवस गेलेत हे आधी सांगायचं. पुडीतल्या गोळ्या रोज घ्यायच्या. "आणि मिश्री लावणं सोडा."

झुंबरबाई इतका वेळ शहाण्यासारखी होकार देत होती, ती इथे बिथरली. "ती मातर सुटस नही, बाई! बठ्ठं सोडसू, मिश्री नही!"

सगळ्या खो खो हसल्या. त्या हसण्यात माझ्या तोंडून निसटलं, "आणि पपई?"

झुंबरबाईने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि लगेच घसा खाकरला. "हां बाई, ते ऱ्हायनंच. पपई खाऊ का मी?"

"कच्ची नको," कलाबाई म्हणाल्या. "पिकलेली खाल्ली असेल तर काही बिघडलं नाही."

मी मान फिरवून डोळे पुसले. वर्षभर उराशी धरलेलं एक पाप कुणीतरी असं सहज, छत्रीचा दांडा झाडावा तसं झाडून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला डाग दिसला. तांबूस, रुपयाएवढा. मी कापड धुऊन परसात वाळत घातलं आणि आईशेजारी बसून शेवया मोडत राहिले. बोलले तर वचन मोडणार, वचन मोडलं तर मूल जाणार, असा माझा हिशेब. दुपारी पुन्हा दिसला. ती अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ मी तशीच काढली. बी.ए. झालेली बाई मी! आज माझ्या लेकीने असं केलं तर मी तिच्या थोबाडीत मारीन.

शेवटी ताक आणायला म्हणून निघाले ती थेट कलाबाईंच्या दवाखान्यात गेले. दोन खोल्यांचा तो दवाखाना. त्या टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. मी दारात उभी राहून म्हटलं, "झुंबरबाईला डाग लागतोय. कालपासून."

कलाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. उठून दार लावलं.

"झुंबरबाई सत्तर वर्षांची आहे. तिला काही होत नाही. कुणाला लागतोय ते सांग."

मी लावलेल्या दाराकडे बघितलं.

"पुष्पा, म्हातारीच्या आडून मला सांगता येतं गं, विचारता येत नाही. आता मला विचारायचंय."

"मी वचन दिलंय," मी म्हटलं आणि रडू लागले.

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या. मग, वर्गात धडा वाचतात तशा सपाट आवाजात बोलल्या. "इथे यायच्या आधी मी साक्री तालुक्यात होते. दुसरा महिना होता मला. एका बाजूला दुखत होतं, डाग होता. दुसरी कुणी असती तर मीच हात धरून तिला दवाखान्यात नेलं असतं. पण आमच्याकडेही तीन महिने बोलायचं नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. लसीकरणाचे दिवस होते, पेटी उचलली आणि फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर पडले. गर्भ नळीत राहिला होता, ती नळी फुटली. धुळ्याला पोट उघडलं म्हणून मी वाचले. मग पुन्हा दिवस गेले नाहीत. नर्स होते मी. मला सगळं माहीत होतं. आता बोल."

"मला डाग लागतोय," मी म्हटलं. "मला दिवस गेलेत. मला."

छताखालच्या त्या उकाड्यात ते तीन शब्द बोलून मला थंडी वाजून आली. कलाबाई उठल्या होत्या. दुखतं का, कुठे, खांद्यात कळ येते का, चक्कर येते का, एकामागून एक विचारत त्यांनी पोट दाबून बघितलं, नाडी धरली. दुखत नव्हतं. तेवढ्यानेच त्यांचा श्वास मोकळा झाल्याचं मला ऐकू आलं.

आईला त्यांनीच सांगितलं. आईने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला असं पोटाशी धरलं की तिच्या हातांचं पीठ माझ्या केसांना लागलं. त्याच दुपारी आम्ही तिघी एस.टी.ने अमळनेरला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, आज काहीच सांगता येत नाही; रक्त वाढलं किंवा पोटात दुखलं तर तडक या, नाही तर दहा दिवसांनी जळगावला सोनोग्राफी करा. मी त्यांना गेल्या वर्षीची माझी सगळी पापं वाचून दाखवली. कोठी, पपई, उपाशी झोप, पेढे. त्या हसल्या नाहीत. "ह्यातल्या कशानेही गेलं नाही," म्हणाल्या. "इतक्या लवकर जातात त्यातले बहुतेक मुळातच नीट धरलेले नसतात. तुझ्या हातात काही नव्हतं."

ते दहा दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मी माहेरी बाजेवर पडून होते. डाग दुसऱ्या दिवशी थांबला, पण मला विश्वास नव्हता. दिवस आणि स्वप्न एकमेकांत मिसळले होते. झोपेत मी त्या कुणाला तरी गाव दाखवत असायची, आणि मध्येच माझ्या हातातला हात आहे की नाही हे कळेनासं व्हायचं. मग मी दचकून जागी व्हायची आणि आई पंखा हलवत शेजारी बसलेली असायची.

जळगावला आईबरोबर कलाबाईही रजा काढून आल्या. मी पोट तडतडेपर्यंत पाणी प्यायले होते आणि एस.टी.च्या प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावाने खडे फोडत होते. देवचंद बाहेर फेऱ्या मारत होता. डॉक्टरांनी पोटावर थंडगार काहीतरी फासलं, बराच वेळ बघितलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. सगळं राखाडी, धूसर. त्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी, आणि त्याच्या मधोमध एक ठिपका भराभर लुकलुकत होता.

"हे हृदय," डॉक्टर म्हणाले.

तो ठिपका पुढे मार्गशीर्षात जन्मला, मुलगी झाली, आणि सासूबाईंनी स्वतः पेढे वाटले. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं, की आहे. आई हात जोडून रडत होती. कलाबाई मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोटाला नळी लावून ठोके ऐकले होते, तेही पाचव्या महिन्यानंतरचे. हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"इतक्या लवकर चालू होतं?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्याच महिन्यात?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "सहाव्या आठवड्यापासूनच."

कलाबाईंचा हात साडीवरून पोटाच्या उजव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला. त्या ठिपक्यावरून त्यांची नजर हलली नाही.

"म्हणजे मी पेटी घेऊन फिरत होते," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्याचंही चालूच असेल."