डाव्या बाजूचे जुलाब

आकडेताईंचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नसे. आरोग्य कार्यालयात त्यांचं काम एकच: रोज सकाळी तेवीस दवाखान्यांना फोन लावायचे आणि ताप किती, खोकला किती, जुलाब किती हे विचारून तक्त्यात भरायचं. कुठे आकडा अचानक चढला, तर साथ पसरायच्या आत साहेबांच्या कानावर घालायचं. अकरा वर्षं हेच केल्यामुळे सवय अशी जडली की लग्नकार्यातही त्या पाहुण्यांना "कसं काय" न विचारता "पोट कसं आहे" असं विचारत. नवरा चार खुर्च्या सोडून बसे.

"नेहमीसारखंच," एका दवाखान्यातला कंपाउंडर रोज सांगे.

"नेहमीसारखंच हा आकडा नाही, दादा. मोजून सांगा."

एका मंगळवारी त्याने खरंच मोजलं आणि चाचरला. "ताई, जुलाब चौदा. एरवी दोन-तीन असतात. आणि सगळे टाकीमागच्या गल्लीतले."

ताई तडक साहेबांकडे गेल्या. साहेब खुर्चीत अवघडून बसले होते. "लोक सुट्टीत अरबट-चरबट खातात," ते म्हणाले. "एवढ्यावरून साथ म्हणायची का?" पुढचं वाक्य अर्धवट टाकून ते घाईघाईने बाहेर गेले. दहा मिनिटांनी परतले, आणि पुन्हा गेले.

ताईंना कुणाच्या भरवशावर थांबणं जमत नसे. त्या वही घेऊन गल्लीत पोचल्या आणि दारोदार विचारू लागल्या, "तुमच्याकडे कुणाला जुलाब?" काहींनी तोंडावर दार लावलं. एका निवृत्त मास्तरांनी मात्र खुर्ची दिली आणि रविवारपासूनची सगळी हकिगत वेळांसकट सांगितली. ताईंनी ती मन लावून उतरवून घेतली. मास्तरांचं इतकं कुणी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत वहीत चित्र स्पष्ट झालं. आजारी माणसं सगळी डाव्या बाजूची. उजवी बाजू ठणठणीत. डाव्या बाजूला पाण्याची वेगळी पाइपलाइन होती.

"साहेब, तुम्ही रविवारी कुठे होतात?" परत येऊन ताईंनी विचारलं.

साहेबांनी दार लावून घेतलं. "सासुरवाडीला. त्याच गल्लीत."

"डावीकडे?"

"डावीकडे." मग आवाज खाली आणून, "मला वाटलं सासूबाईंच्या हातचा प्रताप. घरी बोलायची सोय नव्हती."

ताईंनी वहीत त्यांचाही आकडा मिळवला. साहेबांनी तडकाफडकी पाणी तपासायला माणसं धाडली. गटाराला खेटून गेलेला पाइप फुटलेला निघाला. नळ बंद झाले, टँकर आले, पाणी उकळून प्या म्हणून गल्लीभर सांगणं झालं. एकूण एकतीस जण आजारी पडले, सगळे बरे झाले. सासूबाई निर्दोष ठरल्यामुळे साहेबांना मात्र दर रविवारी जेवायला जाणं भाग पडलं.

पुढच्या महिन्यात गल्लीने ताईंचा सत्कार ठेवला. मास्तर माइकवर म्हणाले, "आपल्या सर्वांचे जुलाब ज्यांनी प्रेमाने मोजले, त्या ताई." टाळ्या कडाडल्या. नवरा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता, पण टाळ्या त्याच्याच सगळ्यात उशिरापर्यंत चालू होत्या.