बांधापलीकडच्या तारा

आमच्या साडूंइतका बोलका माणूस जामखेड तालुक्यात दुसरा नसेल, आणि त्यांचं बोलणं मला कधी नीट कळलं असेल तर शपथ. नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते खर्ड्याजवळच्या मळ्यात परतले, ते हॅम रेडिओचा परवाना आणि परसात अँटेना म्हणून उभा करायचा एक लांबलचक पाइप घेऊनच. पहाटे कानाला हेडफोन लावून ते ब्राझीलमधल्या कुणाकडे तरी तिकडच्या पावसाची चौकशी करतात. तोही सज्जन, यांच्या गुडघ्याची करतो. बांधापलीकडच्या थोरल्या भावाशी मात्र त्या बांधावरूनच वाजलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. दादांचा विषय निघाला की साडू चष्मा पुसायला घेत.

काही वर्षांपूर्वी त्यांनी मला तारा पुरायला बोलावलं. अँटेनाच्या बुडापासून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडे तारा जमिनीत घालायच्या होत्या. मी विचारलं, "दुसरं टोक कशाला जोडायचं?"

"कशालाच न्हाई, पाव्हणं. तसंच मातीत सोडायचं."

म्हणजे आवाज पाठवायचा आकाशात आणि तार पुरायची जमिनीत! मी डोकं बाजूला ठेवून कुदळ धरली. खोलीच्या बाबतीत तर साडू सोनाराच्या वर. चार बोटं म्हणजे चारच बोटं. माझा चर जरा खोल गेला की लगेच, "पाव्हणं, हळद लावताय का?" आड आलेला मेहुणीचा मेथीचा वाफाही त्यांनी उठवला, आणि त्यापायी जेवणात मीठ कमी का जास्त हे विचारायचीही आमची छाती होईना.

पण पूर्वेला चार पावलांवर बांध आणि पुढे दादांचं रान. चाक तिकडून रिकामंच राहिलं. "तेवढं दादाला विचारा की," साडू माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला.

मी बांध ओलांडून विचारायला गेलो तेव्हा दादा कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. "करंट हाय का तारंत?" "नाही." "मग कुठं जाती?" "कुठंच नाही." एवढ्यात त्यांची नजर आमच्या खुंट्यांवर आणि ताणलेल्या सुतळीवर गेली. आमच्याकडे रानात खुंट्या-सुतळी दिसली की अर्थ एकच, मोजणी. पेंढी टाकून दादा तरातरा बांधावर आले आणि थेट भावावर गरजले, "मोजणी आणायची हुती तर तोंडानं सांगायचं! पाव्हण्याला कशाला पुढं करतो?"

साडूंच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

"मोजणी न्हाई, दादा. तार हाय. लांबचं ऐकू यावं म्हनून."

दादांनी तो पाइप खालपासून वरपर्यंत न्याहाळला. त्यांनाही माझ्याइतकंच कळलं असावं. "नांगराला लागंल की," ते म्हणाले. "माझ्या अंगाला हातभर खोल घाल."

हातभर! चार बोटांवरून दिवसभर मला सळो की पळो करून सोडणारा हा माणूस खाली मान घालून म्हणाला, "बरं, दादा." आणि दादा टिकाव आणायला घरात गेले.

त्या बाजूच्या तारा फार खोल गेल्या, त्यांचा काही उपयोग नाही, असं साडूच सांगतात. परवा मी म्हटलं, आता बोलणं आहे तर वर घेऊ या का? "राहू द्या," ते म्हणाले. "दादानं खांदलंय ते."

दादा हल्ली थकलेत. बांधावर खुर्ची टाकून बसतात. ट्रॅक्टरवाला जवळ आला की हात वर करून ओरडतात, "हळू रं! खाली तारा हायत!" कसल्या, ते त्यांना अजून माहीत नाही. मलाही नाही.