फोटोची उजवी बाजू

सकाळची येवला-नाशिक गाडी लागली तेव्हा माझी पुतणी कोमल आत जाऊन खिडकीशी बसली होती आणि मी खालीच उभा होतो. कंडक्टरनं घंटीची दोरी हातात धरून विचारलं, "मास्तर, यायचंय का नुसतं पोहोचवायला आलाय?"

नुसतं पोहोचवायचं असतं तर फार बरं झालं असतं. मी चढलो.

प्रवासाचं कारण घरी सांगितलं होतं ते असं: कोमलच्या कॅमेऱ्याला रोजच्या वापराची, बरी झूम लेन्स बघायची. बजेट बेताचं, म्हणून नवी परवडली नाही तर वापरलेली. काकाकडून पुतणीला भेट. माझा धाकटा भाऊ रमेश म्हणाला होता, "भाऊ, तुला लय कळवळा पोरीचा." त्या वाक्यानं मला रात्रभर झोप लागली नव्हती.

आता लिहायला बसलोच आहे, तर खरं कारणही इथंच सांगून टाकतो.

रमेश पैठणी विणतो. तेवीस वर्षांची कोमल त्याच्या शेजारच्या मागावर बसते, आणि पदरावरचे मोर तिच्याइतके रेखीव आमच्या आळीत कुणाचे उतरत नाहीत. साड्यांचे फोटो काढून बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायचं तिनंच सुरू केलं. कॅमेरा स्वतःच्या विणकामाच्या पैशातून घेतला. जानेवारीत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी तो मागून नेला. देताना ती म्हणाली होती, "काका, पट्टा गळ्यात घाला हं." पण पाहुण्यांसमोर कोटावर पट्टा लोंबतोय हे मला बरं दिसेना. मी कॅमेरा टेबलावर ठेवला. सत्काराची शाल उचलली, तिच्या गोंड्यात पट्टा अडकला आणि कॅमेरा खाली सतरंजीवर गेला. आवाजसुद्धा झाला नाही. ओरखडा नव्हता. मी इकडंतिकडं बघितलं. कुणीच पाहिलं नव्हतं. मी शाल पाहुण्यांच्या खांद्यावर घातली आणि टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर कोमलच्या प्रत्येक फोटोत उजवी बाजू धुरकट यायला लागली. आधी तिनं उजेडाला दोष दिला. मग डोळे तपासून आली. डोळे चांगले होते. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "माझा हात हलतो वाटतं."

विणकराच्या घरात हे वाक्य साधं नसतं. आमच्या वडिलांना, आण्णांना, पन्नाशीतच कंपवात झाला. हातातल्या कांड्या (जर आणि रेशीम गुंडाळलेल्या छोट्या नळ्या) निसटून खाली पडायच्या आणि त्यांना कळायचंही नाही. पुढं त्यांनी माग सोडला तो कायमचा. रमेशला तेच आठवलं. त्यानं कोमलला पदरावरून उठवलं आणि कांड्या भरायला बसवलं. कॅमेरा पडला त्याला आता दहा महिने होत आले होते. पुढच्या गुरुवारी नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

आणि मी, पोरांना रोज "चूक झाली तर उभं राहून सांगावं" असं शिकवणारा, गप्प होतो. पहिल्या दिवशी सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी जरा अवघड वाटलं. ती स्वतःच हाताला दोष देऊ लागल्यावर तर फार सोपं झालं, गप्प राहणं.

माझा बेत भित्र्या माणसाचा होता. गुरुवारच्या आत नवी लेन्स लावून द्यायची, फोटो स्वच्छ येतील, हात बरा झाला म्हणतील, आणि माझं नाव कुठंच येणार नाही.

विंचूरला लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांत गाडी अडकली. निफाडला थंडी अशी की काचा आतून घामेजल्या. द्राक्षबागांवर धुकं बसलं होतं आणि बांधावर कुणीतरी शेकोटी पेटवली होती. एरवी मी अशा वेळी कोमलला काहीतरी दाखवलं असतं. त्या दिवशी तीच बोलली.

"काका, आण्णांचा पहिल्यांदा कोणता हात हलायला लागला होता?"

"उजवा," मी म्हणालो. खरं तेच होतं.

तिनं उजवा हात जर्किनच्या खिशात घातला. नाशिक येईपर्यंत बाहेर काढला नाही.

सीबीएसच्या बसस्टँडवर उतरून मिसळ खाल्ली. म्हणजे तिनं खाल्ली. मी पापड मोडत बसलो. "काका, रस्सा पण नाही घेतला तुम्ही. नाशिकला येऊन मिसळ टाकतात का?" ती हसली. मला घास उतरत नव्हता, कारण समोरच्याच रस्त्यावर कॅमेऱ्याचं दुकान होतं आणि तिथला माणूस जुनी लेन्स हातात घेऊन बघणार होता, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं होतं.

दुकानदार बोलका. त्यानं काचेवर एक लांबलचक लेन्स ठेवली. "ही घ्या, अठरा ते दोनशे. अंगणातली रांगोळी आणि आभाळातला चंद्र, दोन्ही एकीत."

"मला चंद्र नको," कोमल म्हणाली. "मागाच्या खोलीत उजेड कमी असतो. जरीचा एकेक धागा दिसला पाहिजे, आणि कडेपर्यंत."

दुकानदारानं तिच्याकडं नीट बघितलं. "मग ताई, लांब पल्ल्याच्या नादाला लागू नका. सतरा-पन्नास घ्या, एफ दोन-आठवाली. झूम किती पण फिरवा, उजेड तेवढाच आत येतो. नवी मात्र तुमच्या बजेटच्या बाहेर आहे." मग त्यानं तिची जुनी लेन्स काढून झूमचं कडं फिरवलं. मध्येच जरा अडकलं. परत फिरवलं. परत अडकलं. "पडली होती का कधी?"

"नाही हो," कोमल म्हणाली.

तो माझ्याकडं बघत होता, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मी काचेतल्या बॅटऱ्यांच्या किमती वाचायला लागलो.

"बदलीत हिचे काही येणार नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही असं करा, देवळाली कॅम्पला जा. पगारे म्हणून आहेत, तोफखान्यातून रिटायर. दुर्बिणी दुरुस्त करायचे. त्यांच्याकडं वापरलेली सतरा-पन्नास आहे. तुमच्या लेन्सचं दुखणं पण सांगतील."

दुखणं सांगणारा माणूस. "आज उशीर होईल," मी म्हणालो. अकरा वाजले होते.

"काका, काहीतरीच काय," म्हणत कोमल बसस्टॉपकडं निघालीसुद्धा.

कॅम्पात उतरलं की नाशिकचा गलका एकदम मागं पडतो. सरळ रस्ते, चुना लावलेले दगड, जुनी वडाची झाडं, कौलारू बंगले. बेकरीतून भाजलेल्या बिस्किटांचा वास येत होता. कोमलनं एका वडाकडं कॅमेरा उचलला आणि मागून आवाज आला, "ओ मॅडम! फोटो मना है!"

झाडामागं मिलिटरीचं फाटक होतं. ते आम्हा दोघांना दिसलंच नव्हतं. बंदूकवाला जवान जवळ आला. "टीचर हूँ, गव्हर्न्मेंट टीचर," मी न विचारता सांगितलं.

"दिखाइए क्या-क्या लिया है."

कोमलनं कॅमेरा दिला. तो एकेक फोटो सरकवत गेला. साडी, साडी, पदर, साडी. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "ये आप लोग बनाते हो?"

"जी. येवला."

"बढ़िया है." मग त्यानं मान तिरकी केली. "लेकिन इस साइड से सब धुँधला काहे है?"

"मेरा हाथ हिलता है," कोमल म्हणाली.

एका अनोळखी माणसाला तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी आपलं गाव सांगतं. जवानानं कॅमेरा परत दिला आणि आता तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "जाइए. इधर मत खींचिए." मी सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता. तो घेता आला नाही.

पगाऱ्यांचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओटा. सत्तरीचे, ताठ, स्वेटरवर स्वेटर. दुकानदारानं फोनवर आमच्याबद्दल सांगून ठेवलं होतं. "बसा मास्तर. फाटकाबाहेर कॅमेरा काढला नाही ना?"

"काढला," कोमल म्हणाली.

"मग ओरडा खाल्ला असणार. येवल्याची माणसं साडी सोडून दुसरं काही बघत नाहीत." ते हसले, आणि चहा येईपर्यंत त्यांनी ओट्याच्या भिंतीला वर्तमानपत्राचं अख्खं पान चिकटवलं. तिपाईवर कॅमेरा बसवला. "माझी लेन्स बघायच्या आधी तुझी बघू. घेणाऱ्याला कळायला पाहिजे, आपण काय टाकतोय."

बटण दाबून हात बाजूला घेतला की दहा सेकंदांनी आपोआप निघेल असा त्यांनी फोटो काढला. मग पडद्यावर तो मोठा करून कोमलला दाखवला. डावीकडची बारीक अक्षरं वाचता येत होती. उजवीकडं पावसात भिजल्यासारखा सगळा फराटा.

"कॅमेरा तिपाईवर. कुणी हात लावला नाही. तरी हे. मग हात कुणाचा हलला?"

कोमल पडद्याकडं वाकून बघायला लागली.

"हे बघ पोरी, हात हलला तर सगळा फोटो हलतो. एकच बाजू हलत नाही. आत भिंग कलंडलंय. ही लेन्स पडलीय."

मला वाटलं, संपलं. तिचा हात सुटला, मीही सुटलो. माझं नाव न घेता सगळं निस्तरलं होतं. मी चहाचा कपही उचलला.

तेवढ्यात कोमल अगदी हळू म्हणाली, "मग माझ्याच हातून पडली असणार."

"आठवत नाही?"

"नाही ना. तेच तर. आण्णांच्या हातून पण पडायचं, आणि त्यांना कळायचं नाही." तिनं उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. "म्हणजे आहेच मला. गुरुवारी डॉक्टरांना हे पण सांगावं लागेल."

मी कप खाली ठेवला. भीती मला दहा महिने होती, पण ती माझ्यापुरती होती, अब्रूची. समोर बसलेल्या पोरीची भीती मी पहिल्यांदाच नीट बघितली.

"मी पाडली," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

"संमेलनात. पट्टा गळ्यात घातला नव्हता. शालीच्या गोंड्यात अडकून कॅमेरा पडला. मला तेव्हाच माहीत होतं." थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो, म्हणून पुढंही सांगितलं, "तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तुला पदरावरून उठवलं तेव्हाही मला माहीत होतं."

पगारे उठून आत गेले, लेन्स आणायला. बराच वेळ आतच राहिले. ओट्यावर मी आणि कोमल. तिनं मला शिवी दिली असती तर सोसली असती. तिनं एवढंच विचारलं, "डोळे तपासायला गेले होते तेव्हा तुम्हीच गाडीवर सोडलं होतं ना मला?"

"हो."

पगारे बाहेर आले.

पगाऱ्यांनी सतरा-पन्नास तिच्या हातात दिली. कोमल कामाला लागली. मोबाइलची बॅटरी लावून भिंगात बुरशीची जाळी आहे का बघितलं. कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. लेन्स खाली झुकवून झूम आपोआप घसरते का तेही बघितलं. थोडी घसरत होती. "हा दोष आहे," पगारे म्हणाले. "लपवत नाही. साडीचा फोटो वरून काढायचा असेल तर कडं धरून ठेवायचं."

लपवत नाही, हे ते मला उद्देशून म्हणाले नव्हते. मला लागलंच.

"आता तिपाई नको. हातात धर," ते म्हणाले. "श्वास अर्धा सोड, आणि मग दाब."

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. परत लावला. क्लिक झालं तरी पडद्याकडं बघेना. शेवटी पगाऱ्यांनीच फोटो मोठा केला आणि उजव्या कोपऱ्यातली, सगळ्यात बारीक टायपातली हरवलेल्या म्हशीची जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली. शिंगाच्या वर्णनापर्यंत वाचली. कोमल हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मी पाकीट काढलं. वाटलं, नको म्हणेल. ती म्हणाली, "सगळे काकांनीच द्यायचे." मग जुनी लेन्स झाकण लावून माझ्या हातात ठेवली. "ही तुम्ही ठेवा. आणि बाबांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

परतीच्या गाडीत ती पलीकडच्या रांगेत बसली. चांदोरीच्या पुढं अंधारून आलं. विंचूरला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तशी तिनं दोन्ही हात पुढं धरले, बोटं पसरून, आणि बघत राहिली. हात स्थिर होते. माझे मी मांडीखाली दाबून ठेवले होते.

रमेश मागावर होता. मी उंबऱ्यात उभा राहूनच सांगितलं, पोरांना शिकवतो तसं. धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेणारी लाकडी नळी) त्याच्या हातात तसाच राहिला. "दहा महिने, भाऊ?" एवढंच म्हणाला. मग कोमलकडं वळला. "उद्या पदराला बस. मोर अर्धा राहिलाय." डॉक्टरांची वेळ त्यानं रद्द केली नाही. "एकदा दाखवून घेऊ," म्हणाला. माझ्या शब्दावर आता तो कशाला विसंबेल? गुरुवारी ते दोघंच गेले. हाताला काही झालेलं नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं.

नाशिकला लेन्स घ्यायला जाणाऱ्यांनी माझ्याकडून एवढं घ्यावं: लांब झूमच्या मोहात पडू नका, भिंगातून बॅटरी मारून बघा, वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो काढून चारही कोपरे वाचा. आणि कॅमेरा दुसऱ्याचा असेल तर पट्टा गळ्यात घाला.

रमेश माझ्याशी कामापुरतं बोलतो. कोमल अजून काही बोलत नाही, पण साडी मागावरून उतरली की फोटो मलाही पाठवते, खाली एक शब्द न लिहिता. जुनी लेन्स माझ्या शाळेच्या टेबलावर असते. फोटो आला की तो उघडायला मला अजून भीती वाटते. उघडतो, आणि आधी उजवा कोपरा बघतो.