कलम केलेला डोळा

“डोळा मेलेला नाही, त्याच्यावरची काच गढूळ झालीय,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या माणसाची काच बसवावी लागेल. कलम करू.”

ही काच म्हणजे कॉर्निया, बुबुळावरचा पारदर्शक पडदा. माझ्या शेवंताचा उजवा कॉर्निया खिळ्यानं फाटला होता. साखरखेर्ड्याला शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझा नवरा आणि धाकटा दीर एकमेकांच्या जिवावर उठले. दिरानं तुतारी, म्हणजे बैल हाकायची खिळा लावलेली काठी, फिरवली आणि मध्ये धावलेली पोर किंचाळून पडली.

शेजारणींच्या सांगण्यावरून डोळ्यात बाळंतिणीचं दूध घातलं. जखम चिघळली, डोळ्यात पांढरं फूल पडलं. तुमच्या लेकराला लागलं तर दूध नको, मध नको, थेट दवाखाना गाठा.

नवऱ्याचा हात त्याच मारामारीत मोडलेला. म्हणून देऊळगाव राजावरून जालन्याची गाडी धरून मोठ्या दवाखान्यात सोबत आला तो दीरच. त्याचं तोंड पाहिलं तरी माझ्या अंगाची लाही व्हायची.

त्याला कलम करणं एकच ठाऊक, मुंडकं उडवणं. डॉक्टरांचा शब्द ऐकताच त्यानं त्यांची कॉलर धरली.

“पोरीचा डोळा कलम करता काय बे?” म्हणत नाकावर बुक्कीच हाणली. पांढऱ्या कोटावर रक्त सांडलं. मी स्टूल उचलून दिराच्या पाठीत घातलं. डॉक्टरांचा कैवार हे निमित्त होतं, राग माझ्या पोरीच्या डोळ्याचा होता.

डॉक्टर नाक दाबून ओरडले, “अहो, आंब्याचं कलम करतात ना, तसं जोडायचंय!”

“मंग आधी काऊन नाही सांगतलं?” दीर म्हणाला आणि त्यांच्या पायावर डोकं आपटू लागला. दुसरा कुणी असता तर आम्हाला हाकलून दिलं असतं. या डॉक्टरांनी नाकात कापूस कोंबला आणि पोरीला तपासायला घेतलं.

मग वाट पाहणं. काच नुकत्याच मेलेल्या माणसाची लागते, आणि त्याच्या घरच्यांनी ती द्यावी लागते. रोज सकाळी मी देवाकडे कुणाचं तरी मरण मागायचे. लाज वाटायची, तरी मागायचे.

एका दुपारी कुऱ्हाडीचे घाव बसलेला माणूस आणला. भावकीतलंच भांडण. तो टेबलावरच गेला. त्याची बायको व्हरांड्यात भिंतीवर कपाळ फोडून घेत होती. डॉक्टरांनी डोळ्यांचं विचारताच ती त्यांच्या अंगावर धावली. दीर मध्ये गेला. तिनं त्याला थोबाडलं, बोचकारलं. त्यानं हात उचलला नाही.

“माय, मीच माह्या पोरीचा डोळा फोडला,” तो म्हणाला.

ती थांबली. माझ्याजवळ बसलेल्या, डोळ्याला पट्टी बांधलेल्या शेवंताकडे वळली.

“घ्या,” ती म्हणाली. “पण त्यायच्या डोळ्यानं शेवटी कुऱ्हाड पाह्यली. त्या डोळ्याले पुन्हा मारामारी दावू नका.”

ऑपरेशननंतर पोरीचं डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून तिला निजवलं. पुढे एकदा डोळा लालभडक झाला. याला रिजेक्शन म्हणतात, म्हणजे शरीर परक्या काचेला झिडकारतं. थेंब घालून घालून तो निवळला. आज तिला त्या डोळ्यानं थोडं धूसर दिसतं, पण दिसतं. त्या बाईचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

तिचं म्हणणं आम्ही नीट पाळलं, असं मात्र म्हणवत नाही. दोघा भावांची अजूनही जुंपते. आवाज चढला की शेवंता तळहातानं उजवा डोळा झाकून घेते. मग दोघं गप्प होतात.